दत्ताजी पाडेवार येत नाही तेव्हा

बीड जिल्ह्यात श्रद्धा म्हटले की आधी गर्दी डोळ्यांसमोर येते. महाशिवरात्रीला परळीत वैद्यनाथाच्या पायऱ्यांवर लागलेली रांग, नवरात्रात अंबाजोगाईला योगेश्वरीच्या आवारात बसलेल्या आराधी बाया, कार्तिकात कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेला निघालेली माणसे, नारायणगडाच्या दिंड्या. घरात देवपूजा कंटाळत करणारा माणूसही या गर्दीत शिरला की त्याचे हात आपोआप जोडले जातात. आजूबाजूचे हजार लोक त्याच्या वतीने श्रद्धा सांभाळत असतात. त्याला स्वतःला फारसे काही करावे लागत नाही.

याच जिल्ह्यात काही घरे अशी आहेत की ज्यांना ही सोय नाही. ख्रिस्ती घरे. वस्तीत दोन, नाहीतर चार. देऊळ नाही, म्हणजे त्यांचे चर्च नाही. असले तर तालुक्याच्या गावी पत्र्याची एक खोली. पाळकसाहेब येणार ते महिन्यातून एकदा, तेही एस.टी. मिळाली तर. मुलीला स्थळ पाहायचे तर नगर, जालना गाठायचे. आणि घरात माणूस गेले, तर रडण्याआधी कर्त्या पुरुषाच्या मनात प्रश्न येतो, की पुरायचे कुठे?

मी ख्रिस्ती नाही. बँकेच्या नोकरीत या जिल्ह्यात काही वर्षे काढली आणि तिथे अशी दोन-तीन घरे माहितीची झाली. लेखक म्हणून मला नेहमी एक कुतूहल वाटत आले. छळ सोसून टिकलेल्या श्रद्धेच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. पण जिथे कोणी छळत नाही आणि कोणी विचारतही नाही, तिथे माणूस आपला देव कशाच्या बळावर धरून ठेवतो?

अंबाजोगाईच्या लोकांना दासोपंतांची कथा सांगायला नको. सोळाव्या शतकातली गोष्ट. वडील दिगंबरपंत बीदरच्या राज्यातले देशपांडे. दुष्काळात सरकारी वसूल भरता आला नाही, म्हणून बादशहाने त्यांच्या कोवळ्या मुलाला ओलीस ठेवले. महिन्याच्या आत पैसे आले नाहीत तर पोराला बाटवणार, अशी अट. मुदत संपत आली. पैसे कुठून येणार? तेवढ्यात घोंगडी पांघरलेला कोणी दत्ताजी पाडेवार दरबारात आला, थैली ओतली, पावती घेतली आणि निघून गेला. पाडेवार म्हणजे गावकामगार महार. तो प्रत्यक्ष दत्तात्रेय होता, असे कथा सांगते. पुढे तोच मुलगा अंबाजोगाईला येऊन राहिला आणि त्याने कापडाच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले.

आख्यायिका आहे, तिच्यातला इतिहास किती हा वाद वेगळा. मला तिच्यातल्या दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक म्हणजे, ब्राह्मणाच्या मुलाचा धर्म वाचवायला देव आला तो महाराच्या रूपात आला. दुसरी म्हणजे, तो वेळेवर आला. आता ज्यांच्याकडे तो वेळेवर येत नाही, त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

मराठवाड्यातल्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती वस्त्यांची मुळे शोधत गेले की एक वाट जालन्याला पोचते. नारायण शेषाद्री हे देशस्थ ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. तोही मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला, जेवला. बापाने कोर्टात धाव घेतली, कोर्टाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. इथवर सरळ. पण परत आलेल्या त्या पोराला जातीत कोणी घेईना. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करून घ्यावे म्हणून खटपट केली, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. ते पोर तिकडचेही राहिले नाही आणि इकडचेही होईना. ‘श्रीपत शेषाद्री प्रकरण’ म्हणून इतिहासाच्या पुस्तकात ते चार ओळींत येते आणि बाळशास्त्रींच्या सुधारकपणाचा दाखला म्हणून संपते. बारा वर्षांच्या मुलाला त्या दिवसांत रात्री झोप लागत असेल का, हे त्या चार ओळींत मावत नाही.

थोरला भाऊ मात्र ठाम राहिला. पुढे निजामाच्या मुलखात जालन्याला आला. दिवाण सालारजंगांनी जमीन दिली, तिच्यावर त्याने बेथेल नावाचे गाव वसवले. आले ते बहुतेक मांग आणि महार. विहिरी, शेती, शाळा, सुतारकाम असे एक सबंध गाव. ब्राह्मणाने मांगांबरोबर वसवलेले गाव एकोणिसाव्या शतकात किती असतील? १८७३ साली हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या परिषदेत डोक्याला पागोटे बांधून बोलला. १८९१ साली वारला. मिशन होते, दवाखाना होता, शाळा होत्या, तोवर जालना हा आसपासच्या ख्रिस्ती माणसाचा आधार. दुसरा आधार बालाघाटाच्या डोंगराखाली पश्चिमेला, म्हणजे नगरला. तिथे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून. आष्टीकडच्या माणसाला बीडपेक्षा नगर जवळचे. बीड या दोहोंच्या मधे. कोणाच्याच अंगणात नाही.

मधे असणे म्हणजे काय, हे सांगायला मला आपल्या वाङ्मयातले सर्वांत ओळखीचे घर आठवते. नारायण वामन टिळकांचे. फुलांमुलांचे कवी म्हणून त्यांना आपण शाळेत भेटतो. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका अनोळखी युरोपियनाने हातात बायबल दिले, ते वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनापाशी हा माणूस थांबला, आणि पुढे दोन वर्षे स्वतःशी झगडत राहिला. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांच्या बाजूचे कोण होते? बायको नाही, सासरमाहेर नाही, पुण्या-नाशिकचे मित्र नाहीत. मिशनरी होते खरे. पण मिशनरी हा साहेबही होता.

लक्ष्मीबाईंची अवस्था त्याहून बिकट. त्यांचा धर्म बदललेला नव्हता, पण संसार उद्ध्वस्त झाला होता. लहानगा दत्तू पदरात. नवरा जिवंत आणि तरी सवाष्णीचे स्थान डळमळीत. सुमारे पाच वर्षे त्या दूर राहिल्या. पंढरपूरला नातेवाइकांकडे दिवस काढले. मग नगरला आल्या, पण स्वतंत्र बिऱ्हाड, स्वतंत्र चूल, सोवळ्याचे पाणी. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हा भाग ठाऊक आहे. हसत हसत सांगितला आहे म्हणून तो हलका वाटतो. जरा थांबून विचार करावा: एकाच अंगणात दोन चुली, एक नवऱ्याची, एक बायकोची, मधे धावणारे पोर. आणि या बाईला सल्ला द्यायला दोन्ही बाजूंनी माणसांची रीघ. सल्ला सगळ्यांकडे होता, सोबत कोणाकडे नव्हती.

पुढे काय झाले ते मला फार महत्त्वाचे वाटते. कोणा पाद्र्याच्या प्रवचनाने त्यांचे मन पालटले नाही. जात देवाने केली की माणसाने, एवढा एकच प्रश्न त्या स्वतःशी घोळवत राहिल्या आणि एके दिवशी उत्तर सापडले, तसे त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी पिऊन टाकले. १९०० साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर. स्वयंपाकघरात सुटलेला प्रश्न होता तो. म्हणून तो पुन्हा कधी उलटला नाही.

टिळकांना मिशनचा पगार होता, घर होते, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादकपद १९१२ पासून होते. आधार नव्हता असे कोण म्हणेल? पण त्यांना तो आधारच बोचू लागला. ख्रिस्ताचे नाव घ्यायचे ते साहेबी चालीवर, साहेबी पोशाखात, साहेबाच्या पैशावर. मग आपल्या मुलखातला माणूस त्याला आपला कसा म्हणणार, हा त्यांचा सल. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे ते म्हणत. अभंग, भजन, कीर्तन ही त्यांची उपासना. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे त्यात चालतील असे ठरवले. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. बँकवाल्याच्या नजरेने पाहिले तर हा व्यवहार साफ आतबट्ट्याचा. पण त्यांची भजने नगर-जालन्याच्या खेड्यांतून आजही म्हटली जातात, आणि पेटी-मृदंगावर म्हटली जातात. पाळकसाहेब न आलेल्या रविवारी तीच कामी येतात.

पंडिता रमाबाईंचेही थोडक्यात सांगायला हवे. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तेव्हा इकडचे सुधारकही नाराज झाले. मग तिकडच्या मंडळींनी तरी उचलून धरावे! तर त्यांना ही बाई हट्टी वाटली. धर्मगुरू सांगतील ते निमूट मानायची तिची तयारी नव्हती. त्रैक्याच्या सिद्धांतापासून गळ्यातल्या क्रॉसवरच्या लॅटिन अक्षरांपर्यंत ती प्रश्न विचारत राहिली. देवाच्या बाबतीत मी एका जोखडातून सुटले ते दुसरे मानेवर घ्यायला नाही, असा एकंदर बाणा. दोन्हीकडून पाठिंबा आटलेला असताना तिने केडगावला दुष्काळातल्या मुली गोळा केल्या आणि आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. असो. मोठ्या माणसांच्या गोष्टी आपल्याला कळतात, कारण ती माणसे लिहून ठेवतात. बीडच्या वस्तीतला माणूस लिहून ठेवत नाही. त्याचे जे काही लिहिलेले असते ते सरकारी कागदावर.

आणि म्हणून मला त्या कागदाविषयी सांगायचे आहे. तेव्हा खेड्यातल्या गरिबांसाठी एकात्मिक ग्रामीण विकास योजना होती. बँका ‘आय.आर.डी.पी.’ म्हणत, गावकरी ‘म्हशीचे लोन’ म्हणत. भूमिहीन मजुराला कर्जावर एक तृतीयांश सबसिडी. तोच मजूर अनुसूचित जातीचा असेल तर निम्मी. सहा हजारांची म्हैस धरली तर दोन हजार की तीन हजार, एवढा प्रश्न. त्या काळात हजार रुपये म्हणजे मजुराच्या घरी एका हंगामाची भाकरी.

माझ्यापुढे एक माणूस बसला होता. चाळिशीचा, सालगडी. आजोबांच्या वेळेपासून घर ख्रिस्ती. शाळेच्या दाखल्यावर मात्र जुन्या गुरुजींनी ‘हिंदू मांग’ लिहून ठेवलेले. त्या दाखल्यावर जातीचे प्रमाणपत्र निघत होते. बरोबर आलेला गावचा पुढारी त्याला समजावत होता, ‘अरे, लिही की हिंदू. कागदावर लिहिल्यानं काय होतंय?’ माणूस खाली बघत होता. मग मला म्हणाला, ‘सायेब, ह्यो कागद द्येव वाचितो का?’

मी काही बोललो नाही. बँकेच्या मॅन्युअलमध्ये याचे उत्तर नव्हते.

त्याने प्रमाणपत्र लावले नाही. मजूर म्हणून अर्ज केला, दोन हजार सबसिडीवर म्हैस घेतली. त्याच्या सख्ख्या भावाने त्याच यादीत तेच प्रमाणपत्र लावले आणि तीन हजार घेतले. दोघे रविवारी त्याच घरात, त्याच सतरंजीवर प्रार्थनेला बसत. बायकोने या बाणेदारपणाबद्दल नवऱ्याला चार दिवस भाकरी आपटून वाढली, हेही मला त्यानेच पुढे हसत सांगितले. ‘पाळकाला पगार हाय, त्यो सांगंल. हप्ता कोन भरनार?’ हा तिचा सवाल. त्या बाईला मी कमी श्रद्धेची म्हणायला तयार नाही. पोरांची पोटे तिला दिसत होती.

आता यात कायदा काय म्हणतो ते पाहावे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची नोंद इतर मागासवर्गात होते. काही सवलती मिळतात, पण पहिला दर्जा जातो. २००७ साली न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची ही अट काढावी असे सुचवले. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमला. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सांगितले, की ख्रिस्ती धर्म पाळत राहायचे आणि केवळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवायचे, ही संविधानाशी प्रतारणा आहे.

न्यायालयाचे म्हणणे तर्काला धरून आहे. पण माझ्यापुढे बसलेल्या त्या माणसाचे काय? बाप्तिस्म्याच्या पाण्याने त्याची जात धुतली गेली, असे कायदा मानतो. गाव मानत नाही. हॉटेलातली कपबशी मानत नव्हती. आणि खरे सांगायचे तर ख्रिस्ती समाजही पुरता मानत नाही; सोयरीक जुळवताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. जात तशीच आणि दाखला मात्र काढून घेतलेला. माझ्या मते प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो आहे. श्रीमंत, उच्चवर्णीय माणसाने ख्रिस्ती व्हायचे ठरवले तर त्याला कोणी हजार रुपये दंड लावत नाही.

यावर एक वाक्य ठरलेले असते: ‘हे लोक बाटले तेच मुळी दुष्काळात, भाकरीसाठी.’ १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पुष्कळ कुटुंबे मिशनच्या आसऱ्याला गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याने भाकरी दिली त्याच्या देवाविषयी भुकेल्याला आपुलकी वाटली तर त्यात मला लाजिरवाणे काही दिसत नाही; दासोपंतांच्या घरानेही थैली घेऊन येणाऱ्यालाच देव म्हटले. पण तो आरोप क्षणभर खरा धरला, तरी पुढचे कोडे उरते. मिशनची भाकरी कधीच बंद झाली. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी परतले. १९७० साली उत्तर भारतातल्या निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. कारभार आपल्या माणसांकडे आला, पैसा आटला. आज हिशेब मांडला तर ख्रिस्ती राहण्यात या माणसाचा रोकडा तोटा आहे. भाकरीसाठी आला असता तर भाकरीसाठी केव्हाच परत गेला असता. काही गेलेही. जे राहिले ते कशासाठी राहिले?

मी त्या सालगड्याला एकदा हे विचारले. नेमके असे नव्हे, आडवळणाने. म्हटले, पाळकसाहेब येत नाहीत, चर्च नाही, मग रविवारी करता काय? तो म्हणाला, गाणी म्हणतो. कोणाला वाचता येते? थोरलीला येते, ती बायबल वाचते, आम्ही ऐकतो. आणि कळले नाही तर? ‘न्हाई कळलं तर पुन्यांदा वाचिती.’ यापलीकडे त्याच्याजवळ तत्त्वज्ञान नव्हते. घरातली थोरली लेक, बारा-तेरा वर्षांची, तीच त्यांची पाळक. मला एकदम लक्ष्मीबाईंची आठवण झाली. धड शाळा न शिकलेली ती बाई, नवरा गेल्यावर त्याचे अर्धवट ‘ख्रिस्तायन’ हाती घेऊन चौसष्ट अध्याय लिहिते. मिशनने सांगितले म्हणून लिहीत नाही. घरात काम अपुरे पडले होते म्हणून लिहिते. १९३६ साली ती गेली, ग्रंथ छापून आला तो त्यानंतर.

बीड जिल्ह्याची दुसरी ओळख ऊसतोडीची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रकात बसतात आणि पाच-सहा महिन्यांसाठी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हैस पुढे दोन उन्हाळ्यांनी विकावी लागली आणि त्या सालगड्याचाही कोयता झाला. नाताळ नेमका गळिताच्या ऐन हंगामात येतो. कारखाना त्या दिवशी बंद राहत नाही. मुकादमाला सुटी मागावी तर खाडा धरणार, आणि फडावरच्या पन्नास कोप्यांत ख्रिस्ती कोपी एकच.

मग सण कसा करता, म्हणून मी विचारले. त्याच्या बायकोने सांगितले, तिनेच, त्याने नव्हे. त्या दिवशी गाडी भरायला पहाटे तीनला उठायचे असते, तर आम्ही दोनला उठतो. चुलीवर गूळ घालून चहा करते. पोरांना उठवत नाही, थंडी असते. दोघेच हळू आवाजात दोन गाणी म्हणतो, शेजारच्यांची झोपमोड नको म्हणून. एका साली शेजारच्या कोपीतली म्हातारी उठून दाराशी आली. ‘काय गं, कुनाचं भजन?’ म्हणाली. हिने सांगितले. म्हातारी म्हणाली, ‘मग मोठ्यानं म्हना की. देवाचंच हाय.’ आणि तिथेच गोणपाटावर टेकली. चहा दोघांपुरताच होता, तो तिघांत झाला.